मोडीचा वर्ग: समोरचे आणि पडद्यावरचे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मोडी लिपीचा वर्ग समोरच्यांसाठी आणि ऑनलाइनवाल्यांसाठी एकाच वेळी घ्यायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. पुण्यात राहणाऱ्याला पेशवे दफ्तरातले मूळ कागद बघायला पुरालेखागारात जाता येतं. लंडनला बसलेल्याला तुमचाच आधार. तो नुसता बघ्या होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तुमचा हात दिसलाच पाहिजे. फळ्यावर लिहिलंत की कॅमेऱ्याला पाठ दिसते, आणि मोडीत तर ओळभर रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरं हात न उचलता कशी वळत जातात, तेच शिकायचं असतं. तेव्हा टेबलावर, कागदावर लिहा. मोबाइल स्टँडवर कागदाच्या बरोबर वर दीडेक फुटावर लावा, मागचा कॅमेरा खाली. चित्रात जेवढा कागद मावतो तेवढी चौकट टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवा. अक्षर इंचभर उंच काढा आणि चकचकीत कागद टाळा. उजव्या हाताने लिहिता, म्हणून दिवा डावीकडे. नाहीतर बोरूच्या टोकावर हाताचीच सावली पडते. लॅपटॉपला एचडीएमआय केबलने टीव्ही जोडलात की समोरच्यांनाही तेच दिसेल.

बहुतेक वर्ग बिघडतात ते आवाजामुळे. झूमची मीटिंग लॅपटॉपवर सुरू करायची आणि मोबाइल त्यातच दुसरा सहभागी म्हणून जोडायचा, पण बिनऑडिओचा. नुसता म्यूट करून भागत नाही: त्याचा स्पीकर चालू राहिला तर लॅपटॉपचा माइक तो आवाज उचलतो आणि पलीकडच्यांना आपलंच बोलणं पुन्हा ऐकू येतं. तुम्हाला कॉलरचा माइक हवा, हनुवटीच्या खाली वीतभर. लॅपटॉपच्या माइकला तुमच्याआधी पंखा ऐकू जातो.

कॉलरच्या माइकमध्ये समोरच्या मुलांचा आवाज मात्र जेमतेम येतो. त्यामुळे खोलीत कुणी प्रश्न विचारला की उत्तराआधी तो प्रश्न तुम्ही पुन्हा म्हणा, दर वेळी. आणि तुम्ही काही विचारलंत की पहिलं नाव ऑनलाइनच्या कुणाचं तरी घ्या. त्यांच्यापर्यंत आवाज उशिरा पोचतो, माइक उघडायलाही वेळ लागतो. तेवढ्यात समोरचे उत्तर देऊन मोकळे होतात. चारपाच वेळा असं झालं की बाहेरची माणसं बोलायचीच थांबतात.

आई, तुझ्याशिवाय हे जमणार नाही. तू आतल्या खोलीत तुझ्या फोनवरून मीटिंगमध्ये ये, इयरफोन लावून, माइक बंद ठेवून. आवाज तुटला, चॅटमध्ये प्रश्न आला, कुणी हात वर केला, तर लगेच बाहेर येऊन बाबांना सांग. लिहिताना त्यांना पडदा बघता येणार नाही.

गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा फोटो दाबून येतो आणि बारीक वळणं पुसट होतात.

वेळ संध्याकाळी 7 ची ठेवलीत तर लंडनला हिवाळ्यात दुपारचा 1:30 असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग 2:30. त्या आठवड्यात ग्रुपवर आठवण टाका. झूमचं फुकट खातं 40 मिनिटांनी बंद पडतं, तेव्हा दीड तासाच्या वर्गाला पैसे भरलेलं खातंच घ्या. राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे ना, तेवढं बघून कळवा.

तुमची,
मुलगी