थंडीत बाईकवर लांब जाताय? अंतर कमी धरा

संपादक साहेब,

थंडीतल्या बाईक ट्रिपवरचा तुमचा लेख वाचला, फोटो झकास, पण त्यात रोज ६०० किमीचा प्लॅन दिलाय तो काही पटला नाही. अहो दिवस लहान असतो, सकाळी रस्ता ओला नाहीतर गोठलेला, म्हणजे नीट चालवायला मिळतात जेमतेम सात-आठ तास, ३०० धरा की. आणि वारा! हवा ५ डिग्री असली तरी ८० च्या स्पीडला अंगाला उणे ३ सारखी लागते. मागच्या ट्रिपला माझी बोटं इतकी बधिर झाली की क्लच दाबलाय का नाही तेच कळेना, शेवटी थांबून इंजिनजवळ हात धरले तेव्हा कुठे जीवात जीव आला. ग्लोव्हज जाड पण घट्ट नकोत, रक्त फिरायला जागा लागते. आत सुती बनियन तर नकोच, घाम धरून ठेवतं. टायरची हवा सकाळी गार असतानाच बघा, तापमान साधारण ५-६ डिग्री उतरलं की हवेचा दाब १ पीएसआय (दाबाचं माप) उतरतो. आणि पुलावर जपून, खालूनही वारा लागतो म्हणून बर्फ आधी तिथेच धरतो, हे तर लेखात पाहिजेच होतं.

आपला,
एक जुना बाईकवाला