मिरजेला जाण्याआधी हे वाचा

बेंगळुरू

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

काल रात्री मावशीचा फोन आला होता. सुजाताताईच्या आर्यनच्या गुडघ्यात हिमोफिलियामुळे पुन्हा रक्त साचलंय. कुणीतरी त्यांना सांगितलंय की जीन थेरपीचं एक इंजेक्शन दिलं की पोरगा कायमचा बरा होतो, आणि त्यासाठी माळावरचा तुकडा विकायचं घाटतंय. "तू त्याच लाइनीत आहेस ना, मग तूच सांग," असं मावशी म्हणाली. फोनवर घाईत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मिरजेला जाताना पत्र सोबत न्या.

सगळ्यात आधी हे: जमीन विकू देऊ नका.

मी लॅबमध्ये नेमकं काय करते, ते तुम्हाला कधी सविस्तर सांगितलं नाही. आर्यनच्या शरीरात फॅक्टर आठ नावाचं, रक्त गोठवणारं प्रथिन बनत नाही, कारण ते बनवणारा जनुक बिघडलेला आहे. तो चांगला जनुक यकृताच्या पेशींपर्यंत न्यायचा, तर वाहन लागतं. त्यासाठी एएव्ही नावाचा एक विषाणू वापरतात, जो माणसाला आजारी पाडत नाही. त्याचे स्वतःचे जनुक काढून टाकायचे आणि आपला माल भरायचा. बाबा, कारखान्यावर ऊस खाली केलेली ट्रॉली समजा. पण या ट्रॉलीत मावतात डीएनएची साधारण ४,७०० अक्षरं आणि फॅक्टर आठचा मजकूर आहे सुमारे ७,००० अक्षरांचा. म्हणून त्यातला ज्याच्यावाचून अडत नाही तो मधला भाग कापून, आखूड केलेला जनुक भरतात.

हे विषाणू बनतात जिवंत पेशींमध्ये, आणि त्या पेशी सांभाळणं हे माझं काम. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये त्या वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नव्या फ्लास्कमध्ये हलवावं लागतं, नाहीतर त्यांचं गुलाबी मीडियम, म्हणजे पातळ खाद्य, पिवळं पडायला लागतं. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही फोन उचलत नाही. मग त्यांच्यात डीएनए सोडायचा, तीन दिवस थांबायचं, पेशी फोडून विषाणू वेगळा करायचा, तो किती मिळाला ते मोजायचं आणि सगळं वहीत लिहून सही करायची. बॅचमध्ये बुरशी किंवा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू सापडला की सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. आम्ही बनवतो ते अजून उंदरांपर्यंतच पोचलंय. माणसापर्यंत जायला वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या अशाच एका चाचणीत दगावला. त्या वेळचा विषाणू वेगळा होता, पण वहीत सही करताना तो मुलगा माझ्या मनात असतो.

आता आर्यनचं. हिमोफिलियावर जीन थेरपी खरंच आली आहे, ते खोटं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलिया बी साठी, म्हणजे फॅक्टर नऊ कमी असतो त्या आजारासाठी, मंजूर झालेल्या औषधाची किंमत ३५ लाख डॉलर ठेवली होती. रुपयांत ते कोटींत जातं, माळावरच्या तुकड्यात बसत नाही. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने आर्यनच्याच आजारावर, म्हणजे हिमोफिलिया ए वर, चाचणी केली. पाच मोठ्या माणसांच्या स्वतःच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून त्यांत जनुक घातला आणि केमोथेरपी देऊन त्या परत चढवल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल छापून आला: उपचारानंतर पाचही जणांना रक्तस्राव झाला नव्हता. तो पेपर वाचताना मला रडू आलं. पण ती सगळी मोठी माणसं होती, आर्यन सहा वर्षांचा आहे. आणि एएव्हीचा दुसरा मार्ग धरला, तर त्याने नेलेला जनुक यकृताच्या पेशीत, तिच्या डीएनएला न जोडता, सुटा राहतो. मूल वाढतं तसं यकृतही वाढतं आणि तो जनुक विरळ होत जातो. एवढ्या लहान मुलाला त्याचा टिकाऊ उपयोग नाही.

शिवाय खरी चाचणी असेल तर तिची सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असते आणि पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. जो पैसे मागतोय त्याच्याकडे हा नोंदणी क्रमांक मागा.

आत्ता त्याला हवाय तो वेळेवर फॅक्टर. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. साताऱ्याच्या सिव्हिलला हिमोफिलियाचं डे केअर आहे, मिरजेजवळ कुठे सोय आहे ते तिथे विचारा. एमिसिझुमॅब नावाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आहे, रक्तस्राव होऊच नये म्हणून देतात, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही, स्नायूत सुई टोचू द्यायची नाही. गुडघा सुजला की बर्फ, आराम आणि लगेच दवाखाना. सांधा एकदा खराब झाला की जीन थेरपीही तो परत आणू शकत नाही.

आई, यापुढचं तुझ्यासाठी. विलासमामा दात पडल्यावर गेला, आणि आजीला जन्मभर ऐकवलं गेलं की हिच्याच पोटात काहीतरी वाईट होतं. आता सुजाताताईला सासरी तेच ऐकावं लागतंय. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आईकडून मुलाकडे जातो. ती वाहक असली, म्हणजे बिघडलेला जनुक तिच्यात असला, तर प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत शक्यता निम्मी-निम्मी. यात आजीने काही केलं नव्हतं, ताईनेही नाही. साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत तर घराण्यात आधी कुणालाच नसतो, बिघाड नव्यानेच होतो. तू तिथे वडीलधारी म्हणून बसशील तेव्हा विलासमामाचं नाव घेऊन हे सांग. तू बोललीस तर ते ऐकतील.

आणि आजी वाहक होती म्हणजे तूही असू शकतेस, मीही. दादाला काही नाही, यावरून तू वाहक नाहीस असं ठरत नाही. आधी आर्यनची जनुक तपासणी होऊ दे, बिघाड कुठला ते कळलं की आपल्या सगळ्या बायकांची तपासणी सोपी होते. माझ्यासाठी येणाऱ्या स्थळांना हे लपवायचं नाही. आई, तुला याची भीती वाटते हे मला ठाऊक आहे, पण मला आजीसारखं ऐकून घेत जगायचं नाही. ज्याला हे कळल्यावर नको वाटेल, तो आधीच जाऊ दे.

महिनाअखेरीला बॅच संपतेय. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मी थेट मिरजेत उतरते, तुम्ही साताऱ्याहून कोयना एक्सप्रेसने या. आर्यनची जुनी कागदपत्रं, फॅक्टरचे रिपोर्ट सगळे मावशीला एका पिशवीत काढून ठेवायला सांगा. बाबा, तुमची बीपीची गोळी प्रवासात विसरू नका.

तुमची,
मेघा