‘दाद मागण्याची समज दिली’, पण कोणत्या कोर्टात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली की आपल्याला जी नक्कल मिळते, तिच्या शेवटी एक ओळ असते : ‘अर्जदारास कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’ ही ओळ मला वेळेत कळली नाही. तशी ती आमच्या गावात कुणालाच कळत नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका. मालक जाऊन नऊ वर्षे झाली. २०२२ च्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, शेजारच्या गटवाल्याने जेसीबी लावून मधला बांध फोडला आणि माझे अकरा गुंठे रान स्वतःच्या रानात ओढून नांगरले. अडवायला गेले तर शिवीगाळ, वर ‘पुन्हा आलीस तर हातपाय मोडीन’ ही धमकी. मी तडक पोलिसांत गेले. एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ५०४ आणि ५०६. शिव्या लिहून घेतल्या, धमकी लिहून घेतली. रानाचे काय, असे विचारले तर अंमलदार म्हणाले, “ते दिवाणी आहे, कोर्टात जावं लागेल.” त्यांचे काही चुकले नव्हते. पण मी असे समजले की आता कागद कोर्टात गेला, तिथून बोलावणे येईल. नक्कल पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली. पोळा गेला, माझ्या रानात त्याने शाळू पेरला, दिवाळी गेली. बोलावणे आले नाही. ते येणारच नव्हते. एन.सी.मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही, आणि रानाचा दावा तर मी स्वतः जाऊन दाखल करायचा होता.

संक्रांतीनंतर एकीने मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीचे नाव सांगितले. तिथल्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “ताबा कधी गेला?” मी महिने मोजले, सात भरले होते. त्यांनी पेन खाली ठेवले. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, कायदेशीर मार्ग सोडून कुणी तुमचा ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच निघत नाही; ताबा तुमचा होता आणि तुमच्या मर्जीविरुद्ध गेला, एवढे दाखवले की पुरे. निकालावर अपीलही नाही. माझा हा सोपा रस्ता एका महिन्याने बंद झाला होता. उरला तो मालकी सिद्ध करून ताबा मागण्याचा दावा. त्याला बारा वर्षांची मुदत आहे खरी, पण त्यात सातबारा, फेरफार, भूमी अभिलेखची मोजणी, मोजणीदाराची साक्ष, सगळेच आले.

मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याने माझ्या मुलाला मारले. डोक्याला चार टाके पडले. या वेळी त्याच ठाण्यातून तासाभरात जीप आली, पंचनामा झाला, कलम ३२४ लागले. हत्याराने दुखापत हा दखलपात्र गुन्हा, तिथे पोलिसांना कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हापासून मी रानाचा दिवाणी दावा आणि मारहाणीचा फौजदारी खटला अशा दोन्ही बाजू पाहिल्या, त्याही एकाच खोलीत. आमच्या कोर्टाच्या दारावरच्या पाटीवर ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग’ असे दोन्ही हुद्दे लिहिलेले आहेत. साहेब एकच, शिपाई एकच. पण पुकारा वेगळा. दाव्यात माझे नाव आधी, मग ‘विरुद्ध’, मग त्याचे. मुलाच्या खटल्यात मात्र ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे शेजाऱ्याचे नाव. मार खाल्लेला माझा मुलगा तिथे फक्त साक्षीदार. सरपंचांनी मध्ये पडून सांगितले, केस मागे घे, पाच गुंठे सोडायला लावतो. सरकारी वकिलांनी स्पष्ट केले की ही केस सरकारची आहे, या कलमात तुम्ही दोघांनी मिटवले म्हणून ती इथे मिटत नाही. दाव्यात मात्र दोघांनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिले तर तो त्याच दिवशी निघू शकतो. त्याचे वडीलही दाव्यात प्रतिवादी होते. ते वारले, तर त्यांचे वारस लावण्यात चार तारखा गेल्या. खटल्यात आरोपी वारला तर त्याच्यापुरता खटला संपतो, मुलाबाळांवर जात नाही. दाव्यात शेजाऱ्याला मुदतीत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यावे लागले. खटल्यात तो आरोपीच्या पिंजऱ्यात गप्प उभा राहिला, आणि तो त्याचा हक्क आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये तो निर्दोष सुटला. फिर्यादीत मी ‘काठी’ सांगितले होते, मुलाने साक्षीत ‘फावड्याचा दांडा’ सांगितले, आणि दोन्ही पंच फितूर झाले. वाजवी संशय उरला की आरोपी सुटतो. त्या रात्री मी जेवले नाही. तरी हा नियम मला चुकीचा वाटत नाही. माणसाला तुरुंगात टाकायचे तर खात्री तेवढीच पक्की हवी. उद्या माझ्याच पोरावर कुणी खोटी फिर्याद दिली तर याच नियमाचा आधार लागेल.

वाईट वाटले ते दुसऱ्या दिवशी. त्याने पारावर पेढे वाटले, “कोर्टानं रान माझं ठरवलं” म्हणून. आणि शहाणीसुरती माणसे ते खरे मानून मला समजवायला आली. त्या निकालात रानाबद्दल एक अक्षर नाही! मारहाण संशयापलीकडे सिद्ध झाली नाही, एवढेच त्यात आहे. दाव्यात मोजणीचा नकाशा आणि कागद तराजूत पडतात आणि ज्याचे पारडे जड त्याच्याकडे कौल जातो. तो दावा अजून चालू आहे.

फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले. नव्या न्याय संहितेत धमकीचे कलम ३५१ आहे, शिवीगाळीचे ३५२. दिवाणी प्रक्रिया १९०८ ची तीच आहे, आणि एन.सी. घेऊन घरी जाणारी माणसेही तशीच आहेत. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची एक बाई तशीच नक्कल घेऊन माझ्याकडे आली. ताबा जाऊन दोन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी तिला घेऊन तालुक्याला गेले. तिचा दावा मुदतीत लागला.

माझी मागणी एका रबरी शिक्क्याची आहे. जमिनीच्या भांडणातून एन.सी. झाली की ‘समज दिली’च्या खाली ठाण्याने एवढे उमटवावे : ‘ताबा परत मिळवण्यासाठी दिवाणी न्यायालयात स्वतः दावा लावावा. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती, फोन १५१००.’ स्त्रियांना हा वकील उत्पन्न न विचारता मिळतो, हेही खाली लिहावे. जिल्हा पोलीस अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मिळून हे खरीप तोंडावर यायच्या आत करावे, कारण बांध फुटतात ते तेव्हाच.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सोलापूर
(दावा न्यायप्रविष्ट असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)