थकीत घरपट्टीचं घर

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. घर मनात भरलंय, भावही जमत आलाय, आणि ऐनवेळी कळलं की मालकाने कित्येक वर्षं घरपट्टीच भरलेली नाही. घेऊ की सोडू, असं विचारतोस. घर सोडू नकोस. मात्र "व्यवहार होऊ द्या, मग मी भरून टाकतो" असं मालक म्हणतोय ना, त्यावर अजिबात विसंबू नकोस.

ही बाकी माणसामागे जात नाही, मिळकतीला चिकटून राहते. बहुतेक ठिकाणी कराचा बोजा बँकेच्या गहाणाच्याही आधी येतो. खरेदीखत झालं की नोटीस तुझ्या दारावर. मालकाने प्रतिज्ञापत्र लिहून दिलं तरी वसुली करणाऱ्यांना त्याचं काय? तो कागद फार तर त्याच्यावर दावा लावायला उपयोगी, आणि पैसे घेऊन मोकळ्या झालेल्या माणसामागे कोर्टात फिरायची हौस तुला नसावी.

तेव्हा आधी आकडा पक्का कर. मालकाने दाखवलेल्या पावत्या राहू देत. मिळकत क्रमांक घेऊन स्वतः कर खात्यात जा आणि आजच्या तारखेचा थकबाकीचा उतारा माग. बिलाची एकूण रक्कम नंतर बघ, आधी 'मागील बाकी' आणि 'शास्ती' (म्हणजे उशिराचा दंड) हे रकाने वाच. जुन्या थकबाकीत कधी कधी मूळ करापेक्षा शास्तीच जास्त निघते. ती महिन्यागणिक चढत असेल, तर खरेदीच्या दिवशीचा आकडा आजच्यापेक्षा मोठा असणार. वरच्या मजल्याला वेगळा क्रमांक आहे का, तेही विचार. जप्तीची किंवा लिलावाची नोटीस निघालेली असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय इसारही देऊ नकोस.

मला खरी काळजी आहे ती मागच्या खोलीची. ती नंतर बांधली, असं तू लिहिलंयस. तिची आकारणीच झालेली नसेल तर तिचा कर उताऱ्यात दिसणारच नाही, आणि उद्या खात्याच्या लक्षात आलं की मागच्या वर्षांसकट मागणी येऊ शकते. आकारणीतलं क्षेत्रफळ आणि जागेवरचं माप ताडून बघ.

आता पैशाचं. मालकाकडे भरायला पैसे नाहीत म्हणतोस, पण त्याच्या खिशातून काही काढायचंच नाहीये. ठरलेल्या किमतीतून थकबाकीची रक्कम थेट कर खात्याच्या नावाने काढ, उरलेली त्याच्या नावाने. पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला हातात आल्यावरच खरेदीखत. "भाव कमी केलाय, कर तुम्हीच भरा" असं तो म्हणाला तरी हरकत नाही, फक्त कमी केलेली रक्कम उताऱ्यातल्या आकड्याला पुरून उरली पाहिजे. साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, मात्र एक ओळ हवीच: ताबा मिळेपर्यंतचा कर, मागणी कधीही येवो, मालकाचा. त्या खोलीपोटी थोडी रक्कम काही काळ वकिलाकडे राखून ठेवता आली तर उत्तमच. यावर तो फारच कटकट करायला लागला तर समज, त्याला त्या खोलीचं ठाऊक आहे.

उताऱ्याचा फोटो पाठव, खोलीची मापंही. मसुदा आला की सही करण्याआधी मला वाचू दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश