काका, मोजमापाबद्दल आभार

काकांना सप्रेम नमस्कार,

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका.

विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वाचणारा आमचा सी भाषेतला प्रोग्राम, माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला. फाइल वाढत गेली तसा तो असा रेंगाळायला लागला की सकाळी लावला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत आशा नाही. पैसे मोजून बोलावलेल्या सल्लागारांनी आधी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्यायला लावली. फरक शून्य. मग म्हणाले, मल्टिथ्रेडिंग करा, म्हणजे काम वाटून एकाच वेळी अनेक कोअरवर चालवा. अहो, त्या जुन्या मशीनच्या प्रोसेसरला कोअरच एक! कोड उघडूनही पाहिला नाही, बिल मात्र वेळेवर आलं.

तुम्ही अर्धीच फाइल देऊन पाहायला सांगितलंत. वेळ अर्धा नाही, पाव झाला; डिस्कमुळे उशीर असता तर अर्धाच झाला असता. "डिस्क बिचारी निर्दोष आहे," तुम्ही तिथेच म्हणालात. फाइल एफरीड या वाचणाऱ्या फंक्शनच्या एकाच हाकेत मेमरीत येत होती. पुढे त्या मजकुरातून एकेक आकडा एसस्कॅनएफ हे दुसरं फंक्शन उचलायचं, आणि ग्लिबसीमधला (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतला) हा गडी दर वेळी उरलेल्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत मोजून मगच कामाला लागतो. त्याच्या जागी स्ट्रटॉल हा नवा गडी आला, जो थांबला ती जागा सांगतो, म्हणजे पुढचा आकडा तिथूनच. २०२१ मध्ये जीटीए ऑनलाइन या गेमच्या लोडिंगमध्येही हेच निघालं होतं, सुमारे १० एमबीच्या जेसॉन (मजकुराच्या रूपात माहिती ठेवणाऱ्या) फाइलपायी, हे तुमच्याकडूनच कळलं. तेवढंच बरं वाटलं.

पण पत्र त्यासाठी नाही. दुरुस्तीनंतर प्रोग्राम बघता बघता संपला, मी नाचायच्या बेतात, आणि तुम्ही म्हणालात, "थांब, हा वेळ धरू नकोस. फाइल आत्ताच वाचलीय, ती पेज कॅशमधून, म्हणजे मेमरीत राहिलेल्या प्रतीतून येतेय, डिस्कवरून नाही. मशीन बंद करून चालू कर, मग मोज." मोजलं, तर आकडा चांगलाच वाढला. तुम्ही तोच कागदावर लिहिलात आणि साहेबांना हाच सांग म्हणालात. कुणी विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. आपल्याच कामाचं माप आपणहून कमी करून देणारा माणूस आमच्या धंद्यात मी तरी पाहिला नव्हता. असतीलही, बढाया मारत नाहीत म्हणून दिसत नसतील.

फीचा विषय काढला तर चहावर भागवलंत. तो हिशेब मला मान्य नाही, हे इथे चारचौघांत सांगतो.

पावसाळ्यानंतर नवीन नोंदी येतील, फाइल दुप्पट होईल. मशीन बंद-चालू करून मोजीन आणि आकडा तुम्हाला कळवीन.

तुमचा,
पाणीपातळीवाला