तरव्याचे एकवीस दिवस

प्रिय आई, बाबा,

फोनच करणार होते पण परवासारखं परत व्हायला नको. बाबा तुम्ही म्हणालात "तुला घाई झालीय" आणि मी चिडून फोन कट केला, मग रात्रभर झोप नाही, इथे ऐरोलीत तशीही उकाड्याने झोप लागत नाहीये, पंखा नुसता गरम वारा फिरवतोय. म्हणून लिहितेय. आई तू बाबांना वाचून दाखव, आणि मधेमधे तुझं स्वतःचं घालू नको.

आधी तुम्ही कायमचं इकडे यायचं बोलते. ते मी सोडलं. म्हणजे दिवाळीपर्यंत तरी सोडलं. मागच्या दसऱ्याला ऑफर होती म्हणून तुमच्या खोलीसाठी पलंग घेऊन टाकला, हप्ते अजून चालू आहेत आणि त्यावर सध्या वाळलेले कपडे पडलेले असतात, तो पलंग दिसला की मला वाटायचं आता आणा बाई यांना एकदाचं. पण पलंग आला म्हणून माणसं येत नाहीत हे आता कळलं. घर, गुरं, कलमं, आईचं ते परसातलं सगळं, हे असं मे महिन्याच्या सुट्टीत गुंडाळून होत नाही. तुम्ही ठरवा, मी विचारणारही नाही. (विचारेन, पण महिन्यातून एकदाच.)

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं मात्र सोडणार नाही.

बाबा, जानेवारीत आपण खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो आठवतंय? सगळी खाडी गुलाबी झाली होती, पिंट्या नाचत होता आणि तुम्ही म्हणालात "बगळेच की, एवढं काय त्यात". आम्ही सगळे हसलो, तुमचे जावई तर अजून घरी तो डायलॉग मारतात. मला नंतर महिन्याभराने लख्ख जाणवलं की तुम्हाला तो रंग दिसलाच नव्हता. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, पिवळट पडतं, रंग फिके दिसतात. आता ते पक्षी परत निघालेत, पाऊस लागायच्या सुमारास जातात, थंडीच्या सुरुवातीला येतील परत. तेव्हा मला तुम्हाला तिथेच उभं करून विचारायचंय की बगळे का.

तुमचं म्हणणं माहितीय, मोतीबिंदू पिकू दे आणि थंडी पडू दे. आजोबांच्या वेळी खरंच थांबायचे, तेव्हा मोठा छेद देऊन अख्खं भिंग काढायचे आणि टाके घालायचे. आता फेको करतात, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात आणि आत नवीन लेन्स बसवतात. जास्त पिकला की उलट तो कडक होतो आणि फोडायला त्रास. डॉक्टरांना पावसाळ्याचंही विचारलं, तर ते म्हणाले ऋतूचा काही संबंध नाही, पाणी आणि धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही एवढंच.

आणि थांबायचं कधी ते मला तुम्हीच शिकवलंत ना. गेल्या वर्षी, 2025 ला, 26 मे ला मुंबईत मान्सून आला, नेहमीची तारीख 11 जून, इथे लोकांनी छत्र्याही काढल्या नव्हत्या. तुमच्याकडे रोहिणी नक्षत्रातच चिखल झाला, जमिनीला वाफसा येईना, पावसाआधीची कोरडी धूळपेरणी गेली. तुम्ही काय वाट बघत बसलात? बी भिजवून गोणत्यात मोड आणलेत आणि ते चिखलात फेकून रहू टाकलात. रीत बदललीत पण भात सोडलं नाही. मग डोळ्यालाच का आजोबांची रीत?

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, 15 जूनपर्यंत. म्हणजे सण सगळे पुढे सरकले, गणपती थेट 14 सप्टेंबरला. पण मृग काही सरकत नाही, तो सूर्याच्या हिशोबाने 8 जूनच्या आसपास यायचा तो येतोच. तुमच्याकडूनच ऐकलंय हे लहानपणी. घर सोडायचं ते गणपतीसारखं समजा, पुढे गेलं तरी चालेल. डोळा मृगासारखा.

तर माझा हिशोब असा. मृगावर तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचं बी, टाका. मग लावणीला यायला त्याला एकवीस-पंचवीस दिवस लागतात, त्या दिवसांत तुम्ही तिथे काय करता, नुसते सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बघता ना. ते बघायचं काम शेजारच्या काकांना द्या. 12 तारखेला मांडवी एक्स्प्रेसने चिपळूणहून निघा, मी ठाण्याला स्टेशनवर असेन, पावसात गाडी लेट होणार हे धरूनच येईन. पुढच्या आठवड्यात एक डोळा. लावणीला परत पाठवते, शब्द देते. फक्त यंदा चिखलात उतरायचं नाही, काळा गॉगल घालून बांधावर छत्री धरून उभं राहायचं आणि लोकांना ओरडायचं, ते तुम्हाला जमतंच. मजुरीचे पैसे मी देते, त्यावरून भांडू नका.

आई, धोंड्याचं वाण पण होऊन जाईल 15 च्या आत. तेहतीस अनारसे तिकडून करून आणू नको, प्रवासात चुरा होतो, पीठ घेऊन ये. मी मागच्या अधिकात, 2023 ला, स्वतः केले होते, तांदूळ तीन दिवस भिजवायचे तर मी दोनच दिवसांत उपसले आणि सगळे अनारसे तुपात हसले, तुमच्या जावयाला चमच्याने खायला घातले. यावेळी तू गॅससमोर उभी राहा, मी खसखस लावते.

तिकिटं उद्या सकाळी काढते. बाबा हो म्हणाले तर नुसता मिस्ड कॉल दे. नाही म्हणाले तरी दे, मी पुन्हा लिहीन.

तुमची
थोरली