आयटी मंत्र्यांना खुलं पत्र : एक नंबरची कुस्ती लागली आणि लाइव्ह आडवं झालं

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातला, जत्रेतली कुस्ती मैदानं लाइव्ह दाखवतो. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप, बाकी सगळं भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. पुण्यामुंबईत, दुबईत कामाला गेलेली आमची पोरं बघतात. गेल्या हंगामात एक नंबरची कुस्ती लागलेली, हलगी तापलेली, पैलवान घिस्सा मारायच्या बेतात आणि स्क्रीनवर नुसतं गोल चक्र. फोन वाजायचा थांबेना, कमिटीवाले माइकवरून माझं नाव घेऊन हाका मारतायत, मला वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं, डीडॉस झाला होता, म्हणजे ढीगभर यंत्रांवरून एकदम खोट्या मागण्या पाठवून सर्व्हर गुदमरवायचा हल्ला.

व्हिडिओ पाच-सहा सेकंदांचे तुकडे होऊन जातो, आणि पुढचा तुकडा कुठला ते सांगणारी एक छोटी प्लेलिस्ट फाइल असते, ती प्रत्येकाचा मोबाइल सारखी मागत राहतो. एरवी सीडीएन, म्हणजे जागोजागी कॉप्या ठेवणारं सर्व्हरचं जाळं, आपल्याकडचीच कॉपी देतं, मूळ सर्व्हरला कळतही नाही. हल्ला करणाऱ्यांनी लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून दरवेळी वेगळा आकडा जोडला, सीडीएनला वाटलं नवीनच फाइल आहे, सगळं ढकललं मागं, सर्व्हर चितपट. तो आकडा सोडून द्यायची सेटिंग असते, मी लावली नव्हती, चूक माझी. आता लावलीय.

पण खरा मार नंतर बसला. गर्दी वाढली म्हणून क्लाउडनं आपोआप नवे सर्व्हर चढवले आणि महिन्याला ११ हजार येणारं बिल ८६ हजार आलं. चोरानं रात्रभर नळ सोडून ठेवायचा आणि पाणीपट्टी मी भरायची, हा कुठला न्याय?

आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, मान्य, पण धरणार कोणाला? लॉग, म्हणजे मागण्या कुठून आल्या त्याची सर्व्हरवरची नोंद, उघडला तर निम्मे इंटरनेट पत्ते आपल्याच घरगुती ब्रॉडबँडचे. त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही की त्यांचा राउटर नाहीतर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर कोणीतरी दुसराच हाकतोय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं हेच केलं होतं, कंपनीनं घालून दिलेले साठेक पासवर्ड लावून बघत कॅमेरे ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात डाइन या डीएनएस कंपनीवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, सोडले, तर नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, ट्विटर लोकांना उघडेनात. (माझ्या दुकानातल्या डीव्हीआरचा पासवर्ड पण त्या दिवसापर्यंत अ‍ॅडमिनच होता, सांगायला लाज वाटते.)

नवीन कॅमेऱ्यांना सिक्युरिटी टेस्टिंग सक्तीचं केलंत, बरं केलंत. पण आधीच भिंतीवर लटकलेत त्यांचं काय? बॉटनेट, म्हणजे अशी ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज, साफ करायला २०१७ पासून सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, ते गल्लीतल्या केबलवाल्यापर्यंत न्या. ज्याच्या लाइनवरून असला ट्रॅफिक निघतोय त्याला इंटरनेट कंपनीनं मराठीत फोन करून सांगायचं, बाबा तुझा डीव्हीआर बिघडलाय, पासवर्ड बदल, आणि तरी ऐकलं नाही तर तेवढी लाइन हळू करायची. हल्ल्याची तक्रार ६ तासांत करायचा नियम तुम्ही आम्हाला लावलाय, तसा क्लाउडवाल्यांनाही एक लावा : ग्राहकानं ठरवलेल्या रकमेवर मीटर थांबलाच पाहिजे, आणि हल्ला सिद्ध झाला तर तेवढं बिल माफ. मोठ्या ओटीटीवाल्यांकडे त्यासाठी वेगळी टीम असते, माझ्याकडे मी आणि माझा मेव्हणा.

चैत्रातल्या जत्रांची बुकिंगं सुरू झालीयत. कमिटीवाले पहिला प्रश्न विचारतायत, यंदा बंद पडणार नाही ना?

आपला,
एक कुस्ती लाइव्हवाला, सांगली जिल्हा